चार बोटांचं अंतर

मागच्या अंकात हर्डल्सच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) सरावाबद्दल लिहिताना पी. टी. उषाचं नाव एका ओळीत येऊन गेलं होतं, "१९८४ ला सेकंदाच्या शंभराव्या भागानं मेडल हुकलेली" एवढंच. ती शर्यत म्हणजे लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधली बायकांची ४०० मीटर हर्डल्सची फायनल. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं प्रश्नोत्तराचं सगळं पान तिलाच द्यायचं ठरवलं. पोलीस भरतीची धावणी, गुडघेदुखी, बूट कुठले घ्यावेत, हे सगळं पुढच्या अंकात नक्की घेते, त्या मंडळींनी राग धरू नका.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी साखर पेठेत राहतो, यंत्रमागावर ३५ वर्षं काढली. ८४ साली उषा चौथी आली ही बातमी आम्ही कारखान्यातल्या रेडिओवर ऐकली, माग बंद करून ऐकली. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर वाद चालूय. कोण म्हणतं तिनं शेवटी छाती पुढं टाकली नाही, कोण म्हणतं स्टार्टलाच घोळ झाला, आणि एकजण तर अजून म्हणतो पंचांनी मेडल खाल्लं. खरं काय ते एकदा सांगून टाका.

उत्तर : काका, पंचांचं आधी सांगते, त्यांनी काही खाल्लं नाही. रेषेवरचा फोटो होता आणि त्यात रुमानियाची क्रिस्टिना कोजोकारू पुढं होती. तिचं टायमिंग ५५.४१, उषाचं ५५.४२. तो वाद तुमच्या कट्ट्यावर आता मिटवून टाका.

बाकीच्या दोन्ही गोष्टी मात्र खऱ्या आहेत, पण त्यांच्या आधी थोडं मागं जावं लागतं.

तिकडे लॉस एंजेलिसला ८ ऑगस्ट होता, आपल्याकडे ९ उजाडला होता. मी तेव्हा आठवीत. क्रांतिदिनाची प्रभातफेरी झाली, आणि दिवसभरात कुठूनतरी कानावर आलं की उषाचं मेडल गेलं. आकडे कळले ते दुसऱ्या दिवशी, पेपरमधून. आमच्या खेळाच्या बाई तो पेपर घेऊन संध्याकाळी पार्क मैदानावर आल्या, आम्ही सात-आठ पोरी होतो, बाईंनी सगळं वाचून दाखवलं आणि मग साडीचा पदर खोचून खालीच बसल्या. फक्कीची रेषा होती तिथं, त्या रेषेच्या अलीकडं हाताची चार बोटं आडवी टेकवली. म्हणाल्या, एवढंच. बोटं उचलली तर मातीत त्यांचा ठसा राहिला होता, आणि आम्ही सगळ्याजणी वाकून तो ठसाच बघत बसलो.

मी पुढं कॉलेजात गेल्यावर ते गणित स्वतः करून बघितलं. ४०० मीटर ५५.४२ सेकंदात म्हणजे सेकंदाला सरासरी सव्वासात मीटरच्या आसपास, त्याचा शंभरावा भाग काढला की सात सेंटिमीटर येतं. बाईंची चार बोटं बरोबर होती.

आता स्टार्टचं. फायनलला पहिली गोळी सुटली तेव्हा उषा छान निघाली होती, पण ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूचा फाऊल स्टार्ट झाला आणि सगळ्यांना परत बोलावलं. त्या काळी एका फाऊलला कुणी बाद होत नव्हतं, पुन्हा ब्लॉकवर जायचं एवढंच. बसून बघणाऱ्याला वाटतं त्यात काय एवढं, पण जी पळालीय तिला विचारा, अंगातला सगळा ताण एकदा सुटून गेलेला असतो आणि तो दोन मिनिटात परत गोळा करायचा असतो, आणि तेही ऑलिम्पिकच्या फायनलला. दुसऱ्या वेळी तिचा स्टार्ट तसा पडला नाही.

आणि छाती. हो, रेषेवर छाती टाकायला ती कमी पडली, आणि हे तिनं स्वतः पुढं बऱ्याचदा सांगितलंय. पण इथं मला तुमच्या कट्ट्याशी भांडायचंय काका. छाती टाकणं हे अक्कल असली की जमतं अशातली गोष्ट नाही. एक पाऊल आधी टाकली तर स्पीड मरतो, एक पाऊल उशिरा टाकली तर उपयोग नाही, आणि ते नेमकं पाऊल कुठलं हे फक्त चुरशीच्या रेसा पळून पळून कळतं. उषानं ४०० मीटर हर्डल्स धरून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती! १९८२ च्या दिल्ली एशियाडला ती १०० आणि २०० पळाली होती, दोन्हीत सिल्व्हर, हर्डल्सचं गोल्ड त्या वेळी एम. डी. वलसम्मानं घेतलं होतं. १९८३ ला कुवेतला आशियाई स्पर्धेत उषानं साधं ४०० जिंकलं आणि त्यानंतर ही हर्डल्सची वाट. बायकांची ४०० हर्डल्स ऑलिम्पिकमध्ये आलीच मुळी १९८४ ला. म्हणजे शर्यत नवी, मुलगी २० वर्षांची, घासून होणाऱ्या परदेशी रेसा जवळजवळ नाहीत, आणि आपल्याकडं सिंथेटिक ट्रॅक म्हणाल तर हाताच्या बोटावर मोजण्याइतके. तिचे कोच ओ. एम. नंबियार सर तिला केरळात पय्योळीच्या समुद्राच्या वाळूत पळवायचे. वाळूनं पाय तयार होतात, ताकद येते, पण शेजारच्या लेनमध्ये तुमच्याइतकीच ताकदीची मुलगी श्वास टाकत असते तेव्हा काय करायचं ते वाळू शिकवत नाही.

अजून एक, खाण्याचं. तिनं नंतर मुलाखतीत सांगितलंय की ऑलिम्पिकच्या गावात तिकडचं जेवण तिला जमेना म्हणून ती तांदळाची पेज आणि लोणचं खाऊन राहिली. हे वाचलं तेव्हा मला आपल्या पोरी आठवल्या. स्पर्धेला गाडीत बसताना पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते, लांब कुठं गेलो की चार दिवस तेच. पोट भरतं, घरची चव असते, मी पण खाल्लीय आणि आनंदानं खाल्लीय. पण हीट, सेमी, फायनल अशा सलग रेसा असतात तेव्हा तेवढ्यावर पायात ताकद राहत नाही, आणि ती कमी पडते ती शेवटच्या चाळीस मीटरलाच.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. ती चार बोटं सगळ्यांना माहितीयेत, पण पाचवी कोण आली होती हे कुणीच विचारत नाही. स्वीडनची ॲन-लुईस स्कोग्लुंड, १९८२ ची युरोपियन चॅम्पियन. तिचं टायमिंग ५५.४३. म्हणजे उषाच्या पुढं चार बोटं कोजोकारू आणि उषाच्या मागं चार बोटं युरोपची चॅम्पियन! तिघीजणी एका वितीत. आपण ४० वर्षं फक्त पुढची चार बोटं मोजत बसलोय.

प्रश्न : मी केगावला विद्यापीठात शिकतो. मॅडम शंभरावा भाग मोजतात तरी कसा? आणि टीव्हीवर फोटो फिनिश दाखवतात त्यात पळणारे इतके वाकडेतिकडे का दिसतात, कुणाचा पाय लांबुळका, कुणाचं तोंड चपटं?

उत्तर : छान प्रश्न आहे, आणि सोलापूरच्या माणसाला हे समजावणं सोपंय. तो कॅमेरा पूर्ण मैदानाचा फोटो काढतच नाही. त्याला एक बारीक फट असते आणि त्या फटीतून फक्त फिनिश लाईन दिसते, बाकी काही नाही. त्या रेषेवर या क्षणी काय आहे त्याची एक बारीक पट्टी, पुढच्या क्षणी काय आहे त्याची दुसरी पट्टी, अशा पट्ट्या एकापुढं एक लागत जातात. मागावर कापड कसं येतं, एक धागा बसला, ठोकला, पुढं सरकलं, मग दुसरा धागा. तसाच तो फोटो विणला जातो. म्हणून त्यात डावीकडून उजवीकडं जे दिसतं ती जागा नसते, वेळ असते. पाय रेषेवर टेकून जरा थांबलेला असतो म्हणून तो लांबुळका येतो, हात झपकन जातो म्हणून बारीक येतो.

मोजताना डोकं, मान, हात, पाय काही धरत नाहीत. धड रेषेच्या अलीकडच्या कडेला कधी आलं तेवढंच बघायचं. म्हणून तर तो छाती टाकायचा सगळा खटाटोप. शाळेच्या स्पर्धेत आपण स्टॉपवॉचनं घेतो त्यात माणसाचं बोट दाबायलाच वेळ जातो, तिथं शंभराव्या भागाच्या गप्पा मारू नयेत.

प्रश्न : मी बार्शी भागात क्रीडाशिक्षक आहे. स्पष्ट लिहितो, राग नसावा. १९८४ ला रशिया, पूर्व जर्मनी आलेच नव्हते. ते आले असते तर उषा चौथी तरी आली असती का? आणि १९८८ ला तर ती फायनललाही गेली नाही. मग आपण तिला उगाच मोठं करून ठेवलंय असं वाटत नाही का? पोरांना खोटं का सांगायचं?

उत्तर : सर, राग कसला, पोरांना खोटं सांगू नये हे मला पटतंच. तुमचं अर्धं म्हणणं मी मान्य करते. सोव्हिएत संघाच्या मार्गारिटा पोनोमारेवानं त्याच वर्षी जूनमध्ये ५३.५८ चा जागतिक विक्रम केला होता, म्हणजे लॉस एंजेलिसला गोल्ड ज्या टायमिंगला गेलं, ५४.६१, त्याच्यापेक्षा सेकंदानं जास्त फास्ट. ती बाई तिथं नव्हती. बहिष्कार नसता तर चित्र वेगळं असतं, हे पोरांना सांगायला हरकत नाही.

पण मग पूर्ण सांगा. सोळाव्या वर्षी उषा १९८० ला मॉस्को ऑलिम्पिकला गेली, १०० मीटरच्या हीटमध्ये पाचवी येऊन परत आली. चार वर्षांनी सेमीफायनल ५५.५४ ला जिंकून फायनलला उभी राहिली. तिच्या आधी भारताची कुठलीच बाई ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकच्या फायनलला पोचली नव्हती. ज्या देशांच्या मुली आल्या होत्या त्यांच्याकडं पण कोच होते, ट्रॅक होते, वर्षभर स्पर्धा होत्या. आणि जिंकली कोण, तर मोरोक्कोची नवाल एल मुतवक्किल, तिच्या देशाचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक गोल्ड! ती पुढं तिकडं मंत्री झाली. बहिष्कारामुळं तिचं गोल्ड हलकं झालं असं मोरोक्कोत कुणी म्हणत असेल असं मला नाही वाटत.

त्याच ऑलिम्पिकमध्ये ४ बाय ४०० रिलेत वलसम्मा, वंदना राव, शायनी अब्राहम आणि उषा या चौघींनी भारताला फायनलला नेलं, सातव्या आल्या, ३ मिनिटं ३२.४९, तेव्हाचा आशियाई विक्रम. हे किती जणांना माहितीय? चौथ्या नंबरच्या रडारडीत ते कुठंच बसलं नाही.

आणि खरी उषा तर त्याच्या पुढच्या दोन वर्षांत दिसली. १९८५ ला जकार्ताला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, तिथं १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ बाय ४०० रिले, पाच गोल्ड, वर ४ बाय १०० चं ब्राँझ. एकाच स्पर्धेत! तुम्ही क्रीडाशिक्षक आहात, तुम्हाला माहितीय १०० पळणारीचं शरीर आणि ४०० हर्डल्सवालीचं शरीर यात किती फरक असतो, तालुक्याला सुद्धा एक पोरगी दोन्हीत पहिली आली तर आपण तोंडात बोट घालतो. मग १९८६ चं सेऊल एशियाड, भारताला सगळी मिळून पाच गोल्ड. त्यातलं एक कुस्तीत कर्तारसिंगांचं, बाकीची चार ज्यात उषा होती ती, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि रिले. एवढा मोठा देश आणि रिलेतल्या बाकीच्या तिघी सोडल्या तर त्याच्या गोल्डच्या खात्यावर दोनच माणसांची सही. १०० मीटरला फिलिपिन्सच्या लिडिया डी व्हेगानं तिला मागं टाकलं, नाहीतर तेही आलं असतं.

८८ चं तुम्ही म्हणता ते खरंय, सेऊल ऑलिम्पिकला ती हीटमध्येच गेली. टाच दुखावलेली होती. हर्डल्समध्ये प्रत्येक उडीनंतर सगळं वजन एका पायावर येतं, दहा वेळा येतं, ज्याची टाच कधी दुखलीय त्याला मी जास्त सांगायची गरज नाही. तेव्हा लोक तिला काय काय बोलले ते मला आठवतंय, आणि आठवलं की आजही वाईट वाटतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर आपण त्या मुलीला फार पळवलं. ही रेस तू पळ, ती पण तूच पळ, रिलेला पण तूच, कारण दुसरं कुणी मेडल आणणारं दिसत नव्हतं. तिचं सगळ्यात चांगलं वय, २२ ते २४, त्यात तिला नीट निवडून दोन शर्यती आणि वर्षभर युरोपात स्पर्धा मिळाल्या असत्या तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि १९९१ ला लग्न झालं, मुलगा झाला, लोकांनी फाईल बंद केली. १९९८ ला फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत, वय ३४, २०० आणि ४०० ला ब्राँझ आणि ४ बाय १०० ला गोल्ड घेऊन आली. सर, हे पोरींना सांगाच, आणि त्यांच्या आयांना जास्त सांगा.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात की मिल्खासिंग पण असेच हुकले, मागं वळून बघितलं म्हणून. दोघांचं सारखंच का? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : सारखं नाही. रोमला १९६० ला मिल्खासिंग ४०० मीटरला चौथे आले, हातानं घेतलेलं टायमिंग ४५.६, तिसऱ्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या माल्कम स्पेन्सचं ४५.५. मशिनच्या हिशेबात ४५.७३ आणि ४५.६०, म्हणजे अंतर साधारण मीटरभराचं. पहिले दोघं, अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल कौफमान, त्या दिवशी ४४.९ चा जागतिक विक्रम करून गेले, चौघंही जुन्या ऑलिम्पिक विक्रमाच्या आत होते. मिल्खासिंग स्वतः सांगायचे की पहिला अर्धा भाग फार जोरात गेला म्हणून मी जरा सैल सोडलं, आणि ती चूक भरून निघाली नाही. त्यांचा राष्ट्रीय विक्रम १९९८ पर्यंत टिकला. मागं वळून बघितल्याची गोष्ट लोकांना आवडते, पण आजोबांना सांगा की वाटणी चुकली, मान नाही.

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोडला राहते, विड्या करते, मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत. माझी मुलगी दहावीत आहे, ४०० मीटर हर्डल्स पळते. यंदा राज्याच्या शालेय स्पर्धेत चौथी आली, तिसरी पोरगी हाताच्या अंतरावर होती म्हणतात. पुढं निवड झाली नाही. त्या दिवसापासून ग्राउंडवर जात नाही, विचारलं की म्हणते अभ्यास आहे, आणि पुस्तक उघडं ठेवून नुसती बसते. तिचे स्पाइकचे बूट मालकांनी उचल घेऊन आणले होते, ते खुंटीला तसेच लटकलेत, त्यांच्याकडं बघितलं की मालकांना पण कसंतरी होतं. घरात सगळे म्हणतात चौथी तर आलीस, उषा पण चौथीच आली होती. त्यावर तर ती जास्तच चिडली. रागवू का समजावू?

उत्तर : ताई, रागवू तर अजिबात नका. आणि समजावू पण नका, निदान "उषा पण चौथीच" हे वाक्य घरातून बंद करा. चिडणारच ती. दहाव्या हर्डलनंतर चाळीस मीटर ती जीव तोडून पळालीय आणि समोरची पाठ तिनं हातभर अंतरावर बघितलीय, तिला कुणाच्या तरी हरण्याचा आधार नकोय.

माझं एक सांगते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी २०० मीटरला अशीच थोडक्यात राहिले आणि घरी येऊन बूट पोत्यात टाकले. सव्वा वर्ष मी मैदानावर गेले नाही. जिथं शिकत होते तिथून कुणी एकदा विचारायलाही आलं नाही की ती पोरगी कुठं गेली म्हणून. तेव्हा मला वाटत होतं की मला एकटीला सोडावं, पण आत कुठंतरी रोज संध्याकाळी पाच वाजले की कान दाराकडं असायचे. शेवटी त्या चार बोटंवाल्या बाईच एक दिवस आल्या. रिटायर झाल्या होत्या. चहा प्यायल्या, माझ्या हरण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, वळणावर कितव्या पावलाला डावा खांदा उचलायला लागला गं तुझा? आणि मी धडाधडा सगळं सांगत सुटले.

म्हणून तुमच्या मुलीशी बोलायचंच असेल तर रेसबद्दल बोला, नंबराबद्दल नको. हर्डल्सची रेस आईला समजायला अवघड नाही, मी सांगते. सुरुवातीपासून पहिल्या हर्डलपर्यंत ४५ मीटर, मग दर ३५ मीटरला एक अशा एकूण दहा, आणि शेवटी ४० मीटर मोकळं. दोन हर्डलच्या मध्ये पळणारीची पावलं ठरलेली असतात, तिच्या वयात बहुतेक सतरा-अठरा पडत असतील, कमीजास्त. सुरुवातीला ती पावलं बरोबर बसतात. सहाव्या-सातव्या हर्डलनंतर पाय जड होतात, पाऊल आखूड पडतं, मग मध्येच एक पाऊल जास्त टाकावं लागतं आणि पुढचा पाय बदलतो. ज्या मुलीला दोन्ही पायांनी उडी जमते ती निभावून जाते. जिला एकाच पायानं जमते ती हर्डलसमोर येऊन अडखळते, आखूड आखूड पावलं टाकते, आणि तिथंच हातभर अंतर जातं. बघणाऱ्याला वाटतं शेवटी कमी पडली. बऱ्याचदा ते अंतर शेवटच्या चाळीस मीटरमध्ये गेलेलंच नसतं, आठव्या हर्डलला गेलेलं असतं. हे शिकून दुरुस्त होतं ताई, नशिबाचा त्यात काही संबंध नाही.

उषाचं नाव तुमच्या घरात घ्यायचंच असेल तर मी सांगते तेवढं घ्या. लॉस एंजेलिसहून ती घरी आली, त्याच नंबियार सरांकडं परत सरावाला उभी राहिली, आणि वर्षभरानं जकार्ताची पाच गोल्ड. तुमची लेक १५-१६ ची आहे, उषा त्या दिवशी २० ची होती. पळणं संपल्यावर उषानं केरळात मुलींसाठी स्वतःची ॲथलेटिक्सची शाळा काढली, ती शाळा आता किनालूरला आहे, तिथली टिंटू लुका ८०० मीटर पळत २०१२ च्या ऑलिम्पिकच्या सेमीफायनलपर्यंत गेली. २०२१ ला नीरज चोप्रानं भाला फेकून ॲथलेटिक्सचं पहिलं गोल्ड आणलं तेव्हा उषानं लिहिलं होतं की माझं ३७ वर्षांपूर्वीचं अपुरं स्वप्न आज पूर्ण झालं. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत नंबियार सर गेले. २०२२ पासून ती भारतीय ऑलिम्पिक संघटनेची अध्यक्ष, त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई.

आणि एक आकडा तुमच्या मुलीला नक्की सांगा, तिला आवडेल. कोइमतूरची विद्या रामराज २०२३ ला हांगझोऊ एशियाडमध्ये ४०० हर्डल्सच्या हीटला पळाली. टायमिंग आलं ५५.४२. उषाचं होतं तेच, शंभराव्या भागापर्यंत तेच, ३९ वर्षांनी! फायनलला ती ५५.६८ पळाली आणि ब्राँझ घेऊन आली. म्हणजे जे टायमिंग आपण ४० वर्षं हरल्याचा आकडा म्हणून पाठ केलं, त्याला गाठायला या देशातल्या मुलींना ३९ वर्षं लागली.

दहावीचा अभ्यास ती करतेय म्हणते तर करू द्या. पण संध्याकाळचा पाऊण तास मैदानाला दिला तर मार्क कमी होत नाहीत, हे मी इतक्या वर्षांच्या पोरींवरून सांगते, उलट ती उघडं पुस्तक घेऊन नुसती बसायची थांबेल. खाण्यात भाकरी-चटणी असू दे, सोबत मटकी, हुलगे, शेंगदाण्याचा लाडू, परवडेल तसं अंडं, एवढं बघा. महागडी पावडर कुणी सांगितली तर घेऊ नका. आणि बूट खुंटीवरून काढू नका, तिचे तिलाच काढू देत. मालकांनाही सांगा, त्या उचलीचं तिच्यासमोर बोलू नका.

मी रविवारी सकाळी सहाला पार्क मैदानावर असते, ऊन चढायच्या आत आमचं संपतं. तिला घेऊन या. ती नाही म्हणाली तर तुम्ही एकट्या या, मग पुढच्या आठवड्यात मीच घरी येते चहाला. येताना स्पाइक नकोत, साधे बूट चालतील. फक्त तिला एक काम सांगा, त्या दिवशी सहाव्या हर्डलपासून दहाव्यापर्यंत मधली पावलं किती किती पडली आणि कुठला पाय पुढं होता, ते कागदावर लिहून आण म्हणावं. तिला सगळी आठवत असतील.